गणित सुटते, समीकरण जुळते
गणिती संज्ञांच्या शब्दसोबतीचा आढावा

शहागडच्या स्टँडवर सकाळी वर्तमानपत्र उघडले की 'समीकरण' हा शब्द बहुतेक रोज भेटतो. मतदारसंघाची समीकरणे जुळतात, बदलतात, कोणाच्या तरी येण्याने बिघडतात. खेळाच्या पानावर बारा चेंडूंत वीस धावा असे समीकरण उरते. त्याच वेळी शेजारी उभा असलेला दहावीचा मुलगा शाळेत जाऊन जे समीकरण फळ्यावर पाहणार असतो, ते जुळतही नाही आणि बिघडतही नाही. ते मांडावे लागते, सोडवावे लागते, त्यात किंमत घालून पडताळावे लागते. शब्द एकच आहे, पण त्याच्या सोबतीला येणारे शब्द वेगळे आहेत, आणि सोबत बदलली की शब्दाचा अर्थही बदलतो.

कोणत्या नामाजवळ कोणते क्रियापद बसते, कोणते विशेषण शोभते, कोणती विभक्ती लागते, या गोष्टीला इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर तिला अभ्यासात मानाचे स्थान दिले. २००२ मध्ये ऑक्सफर्डने अशा जोड्यांचा स्वतंत्र कोशच काढला. इंग्रजी शिकणाऱ्याला त्यात 'इक्वेशन' या शब्दाबरोबर कोणती क्रियापदे चालतात यासारखी माहिती एका जागी मिळते. मी या लेखात त्या गोष्टीला 'शब्दसोबत' म्हणणार आहे. मराठीत गणिती संज्ञांची शब्दसोबत आज कोणत्या अवस्थेत आहे, तिच्यावरून कोणते वाद झाले आणि त्यातले काय सुटले, काय राहिले, ते इथे पाहायचे आहे.

गोदाकाठचे तीन थर

शहागड हे अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या उत्तर काठावरचे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. या भागाच्या गणिती बोलीत तीन थर एकमेकांवर बसलेले आहेत. मराठीच्या या प्रश्नाकडे पाहायला असे गाव मुंबई-पुण्यापेक्षा अधिक सोयीचे आहे, असे मला वाटते.

पहिला थर संस्कृतचा. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने 'समकरण' ही कल्पना वापरली. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यातले लीलावती आणि बीजगणित हे भाग पुढे कित्येक शतके शिकवले गेले. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत. दुसरी, तिसरी अज्ञात राशी आली की तिला कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. १२०७ चा तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला दानाचा तपशील मराठीत आहे. शास्त्र संस्कृतात आणि व्यवहार मराठीत, ही वाटणी तेव्हापासूनची.

दुसरा थर फारसी-अरबीचा, आणि तो हिशेबाच्या वहीतून आला. जमा, खर्च, वजा, बाकी, रक्कम या शब्दांना आज कोणी परके म्हणणार नाही. 'वजाबाकी' हा शब्द शाळेच्या पहिल्या वर्षांपासून आपल्याला इतका जवळचा असतो, की त्याचे दोन्ही भाग अरबीतून आले आहेत हे सांगावे लागते. मराठवाड्यात हा थर जास्त जाड आहे. निजामाच्या राज्यात प्राथमिकच्या पुढचे शिक्षण उर्दूतून होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च गणितही उर्दूतूनच शिकवले जाई, आणि त्यासाठी हैदराबादेत दारुल तर्जुमा या भाषांतर-विभागाने परिभाषा घडवली. जमा, तफरीक, जरब, तकसीम ही चार क्रियांची नावे त्या पिढीच्या तोंडी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, त्यानंतर ही परंपरा शाळेतून गेली. बोलण्यात 'हिसाब' मात्र अजून आहे. एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. 'जरब' म्हणजे आघात. संस्कृत गणितातही गुणाकाराला 'हनन' आणि 'वध' असे शब्द आहेत. दोन दूरच्या परंपरांनी गुणाकाराकडे प्रहार म्हणून पाहिले, आणि मराठीने दोन्ही सोडून 'गुणणे' हे शांत क्रियापद ठेवले.

तिसरा थर इंग्रजी शिक्षणाचा. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत आणली. बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्राला, म्हणजे कॅल्क्युलसला, 'शून्यलब्धि' असे नाव देऊन पुस्तक लिहिले. ते नाव टिकले नाही, पण नवे शास्त्र मराठीत बोलवायचे तर शब्द घडवावे लागतील ही जाणीव तिथे दिसते. याच काळातली एक गोष्ट या विषयात वारंवार विसरली जाते. १८३१ मध्ये निघालेल्या आणि १८५७ मध्ये वाढवून छापलेल्या मोल्सवर्थच्या कोशात मराठी नामापुढे त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदेही नोंदलेली असतात: मार, दे, खा, घाल, लाव. म्हणजे शब्दसोबत नोंदवण्याची पद्धत मराठी कोशात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच होती. पुढच्या पारिभाषिक कोशांनी ती पुढे नेली नाही.

क्रियापदांचा संसार

आज शाळेत आणि घरात चालणारी मराठी गणिती बोली ऐकली तर मोजकी क्रियापदे सगळा भार वाहताना दिसतात.

त्यात पहिला मान 'काढणे'चा. वर्गमूळ काढतात, लसावि काढतात, किंमत काढतात, सरासरी, टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ काढतात. आलेख काढतात, वर्तुळ काढतात, स्पर्शिकाही काढतात. विहिरीतून पाणी काढावे तसे आत असलेले बाहेर आणणे हा एक अर्थ, आणि कागदावर चित्र उमटवणे हा दुसरा. मराठी मूल दोन्ही सहज पेलते. अडचण इंग्रजीकडे जाताना येते. तिथे किंमत 'फाइंड' करायची असते, सरासरी 'कॅल्क्युलेट' करायची, आलेख 'ड्रॉ' करायचा आणि मूळ 'एक्स्ट्रॅक्ट' करायचे. एका क्रियापदाची चार होतात, आणि कोणते कुठे बसते हे मुलाला सांगणारे सहसा कोणी नसते.

'सोडवणे' आणि 'सुटणे' ही जोडी मला विशेष जवळची वाटते. गाठ सुटते, कोडे सुटते, तसे गणित सुटते. इंग्रजी 'सॉल्व्ह'चे लॅटिन मूळही सैल करणे, मोकळे करणे असेच आहे. पण मराठीकडे 'सुटणे' हे अकर्मक रूप आहे. आमच्याकडचे मूल 'गणित सुटंना' म्हणते तेव्हा ते दोष स्वतःकडेही घेत नाही आणि गणितालाही देत नाही, फक्त गाठ अजून बसलेली आहे एवढेच सांगते. चांगला शिक्षक या वाक्याने सावध होतो, कारण 'मला येत नाही' आणि 'सुटत नाही' यांत फरक आहे.

'जाणे' भागाकारात येते: बाराला तीनने भाग जातो. 'मांडणे' हे त्रैराशिकाचे आणि समीकरणाचे. 'टाकणे' भूमितीत: रेषेवर लंब टाकतात. 'पाडणे' बीजगणितात: अवयव पाडतात. 'अवयव काढणे' असेही ऐकू येते, पण ते कानाला उपरे लागते. 'घेणे' आणि 'धरणे' हातच्याचे. बेरजेत हातचा घेतात, आणि 'हातचे राखून' बोलणेही मराठीत आहे.

विभक्तीही सोबतच असते. 'बाराला तीनने भागणे' यात कोणाला आणि कशाने हे प्रत्यय सांगतात, म्हणून शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत तो क्रमावर आणि छोट्या अव्ययांवर अवलंबून असतो. इंग्लंडमध्ये 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' म्हटले की भागाकार समजतात. आपल्याकडच्या वर्गात 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' म्हणजे छत्तीस. दोन्ही आपापल्या जागी रूढ आहेत, पण दोन्हींची ओळख नसलेल्या मुलाची तिथे फसगत होऊ शकते.

पाढ्यांत तर शब्दसोबतीचे अगदी जुने नमुने जपलेले आहेत. 'बे दुणे चार' मधला 'बे' आणि 'दुणे', पुढचे 'त्रिक', 'चोक', 'सक' हे शब्द पाढ्याबाहेर जवळजवळ जगतच नाहीत. अपूर्णांकांचे नियमही तसेच कडक. साडेतीन, साडेचार चालते, पण 'साडेएक' आणि 'साडेदोन' मराठीत नाहीत. तिथे दीड आणि अडीच. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. हे पाठांतर शाळेतून गेले, पण बाजारात सव्वा आणि पाऊण टिकून आहेत.

परिभाषेवरून तीन भूमिका

महाराष्ट्र शासनाने ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापले. त्याने काढलेल्या परिभाषा कोशांत गणितशास्त्राचाही कोश आहे. शालेय पुस्तकांतली परिभाषा बालभारतीने घरोघरी पोहोचवली. या परिभाषेविषयी साधारण तीन मते आढळतात.

पहिले मत संस्कृताधारित परिभाषेच्या बाजूचे. त्याचा आधार असा, की इथे नावातच व्याख्या दिसते. समभुज, समद्विभुज, विषमभुज हे त्रिकोणाचे प्रकार मुलाला नाव ऐकूनच अर्धे कळतात. इंग्रजीत 'आयसोसेलिस' हा शब्द कोणत्याही मुलाला पाठच करावा लागतो. शिवाय एका धातूपासून शब्दांचे कुटुंब होते: गुण, गुणक, गुण्य, गुणाकार, सहगुणक. या मताचे बळ खरे आहे.

दुसऱ्या मताचे लोक इंग्रजी संज्ञाच पहिल्यापासून द्याव्यात असे म्हणतात. त्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. अकरावी विज्ञानाला गणित इंग्रजीतून असते, आणि दहावीपर्यंत 'परिमेयीकरण' आणि 'एकसामयिक समीकरणे' शिकलेले मूल तिथे गणित येत असूनही वर्षभर चाचपडते. अशी मुले शहागडसारख्या गावातूनच जास्त जातात. हे दुःख ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांच्या मताला भाषेचा द्रोह म्हणणे अन्यायाचे होईल.

तिसरे मत मधल्या वाटेचे: दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी द्या. मराठी पाठ्यपुस्तकांनी काही बाबतींत हीच वाट धरली आहे. पूर्वीच्या पुस्तकांतले 'क्ष' आणि 'य' जाऊन आता मराठी माध्यमाच्या पुस्तकातही रोमन अक्षरेच चल म्हणून येतात. वाक्य मराठी आणि चिन्हे जागतिक, अशी ही तडजोड आहे.

तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते तीच या वादाची उणीव आहे. सगळी चर्चा नामांची आहे. 'समीकरण' म्हणावे की 'इक्वेशन', यावर खूप बोलले गेले. त्याच्याबरोबर कोणते क्रियापद यावे यावर फारच थोडे. परिभाषेच्या मराठीत काही क्रियापदे इंग्रजीवरून बेतलेली दिसतात. अमुक किंमत समीकरणाचे 'समाधान करते' हे त्यातलेच. घरात समाधान म्हणजे मनाची तृप्ती. म्हणून अनुभवी शिक्षक तोंडी सांगताना 'ही किंमत घातली की दोन्ही बाजू सारख्या येतात' असे म्हणतो. पुस्तकाचे वाक्य आणि शिक्षकाचे वाक्य यांतले हे अंतर कोणत्याही कोशात दिसत नाही.

वीस एक की एकवीस

क्रियापदांकडे दुर्लक्ष झाले, पण शब्दांच्या क्रमावरून एक वाद मात्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात संख्यांचे वाचन 'वीस एक', 'वीस दोन', 'नव्वद तीन' असेही दिलेले लोकांच्या लक्षात आले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या.

त्यांची बाजू अशी होती: मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, लिहिताना मात्र दशक आधी. शिवाय 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याऐंशी' यांतली जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, आणि पहिल्याच वर्षांत गणिताची भीती बसते. कन्नड, तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी येतो, इंग्रजीतही येतो. जुनी नावे काढलेली नाहीत, नवी वाचनपद्धत जोडीला दिली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

विरोधकांचे म्हणणे असे: ही नावे शेकडो वर्षांच्या वापराने घडली आहेत, बाजार, बँक, घर सगळीकडे तीच चालतात. शाळेत एक आणि घरात दुसरे झाले तर गोंधळ वाढेल. पाढे आणि संख्यानामे यांची नादाची साखळी तुटेल. काहींनी असेही विचारले, की पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकली ती कशी?

जगाचा अनुभव दोन्हीकडे झुकतो. जर्मन भाषेतही एकक आधी येतो, आणि तिथली मुले ऐकलेली संख्या लिहिताना अंक उलटे लिहितात असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे नारळीकरांची चिंता कल्पनेतली नव्हती. नॉर्वेने १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने एकक-आधी पद्धत बदलून दशक-आधी केली. शाळेत ती रुजली, पण जुनी पद्धत बोलण्यातून अनेक दशके गेली नाही. म्हणजे विरोधकांची शंकाही खरीच. डॉ. नारळीकरांचे २०२३ मध्ये निधन झाले. मला त्या वादातली सर्वांत खेदाची गोष्ट ही वाटते, की चर्चा काही दिवसांत थट्टेकडे वळली आणि वर्गात प्रत्यक्ष काय घडते हा प्रश्न मागेच राहिला.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात

२००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, आणि पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग गावोगाव वाढले. या वर्गात प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा इंग्रजी नसते. 'इक्वेशन सोडव', 'एक्सची व्हॅल्यू काढ', 'स्क्वेअर रूट काढ', 'ब्रॅकेट सोडव', 'टू कॉमन घे', 'बाराला तीनने डिव्हाइड कर'. नाम इंग्रजी झाले तरी क्रियापद आणि प्रत्यय मराठीच राहतात. याला काही जण धेडगुजरी म्हणतात. मला त्यात भाषेची ताकद दिसते. आलेल्या प्रत्येक नामाला मराठीने आपल्या क्रियापदांच्या पंक्तीत बसवले आहे, जसे एकेकाळी 'वजा' आणि 'बाकी'ला बसवले होते. भारतीय इंग्रजीतले 'टेक टू कॉमन' तर आपल्या भाषांच्या 'कॉमन घे'शी मिळतेजुळते आहे. इंग्लंडचा शिक्षक तसे म्हणत नाही. 'टू वन्स आर टू' या वाक्याचे 'टू वन जा टू' झाले, तेही पाढ्याच्या आपल्या लयीतच.

तरीही या वर्गाची एक बाजू काळजीची आहे. 'एक्सला तिकडे ने, बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्य मराठी, सेमी आणि इंग्रजी तिन्ही वर्गांत ऐकू येते. त्याने उत्तर लवकर निघते. पण दोन्ही बाजूंतून सारखेच वजा केले आहे, हा मूळ विचार त्यात लपून जातो. भास्कराचार्यांच्या परंपरेत या क्रियेला 'समशोधन' असे नेमके नाव होते. अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या ग्रंथनामातला 'अल-जब्र'ही अशाच एका क्रियेचा शब्द आहे. 'नेणे' या क्रियापदाने राशी चालत पलीकडे गेली असे चित्र उभे राहते, आणि अपूर्णांकांच्या समीकरणात मुले तिथेच चुकतात. काही शिक्षक तराजूची भाषा वापरतात: या पारड्यातून काढले तेवढेच त्या पारड्यातून काढा. मोंढ्यात कापूस काट्यावर चढताना पाहिलेल्या मुलाला ती पटकन कळते. कोणती भाषा जास्त मुलांना उपयोगी पडते, याची मराठी वर्गांतली पद्धतशीर नोंद व्हायला हवी.

वर्गाबाहेरची सोबत

वर्गाबाहेर गणिती संज्ञा वेगळ्या सोबतीने जगतात. उसाचे गणित बसते किंवा बसत नाही. साखरेचा उतारा लागतो. व्याज शेकड्याने ठरते. पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली लागली की दुष्काळाच्या सवलतींची वाट उघडते. पूर्वी हीच आणेवारी होती, सोळा आण्यांतले किती आणे पीक आले याचा अपूर्णांक. ज्या शेतकऱ्याला 'अपूर्णांक' हा शब्द परका वाटतो, तो पैसेवारीवरून तलाठ्याशी बिनचूक वाद घालतो. राजकारणातले 'समीकरण जुळणे' आणि दोन माणसांमधले 'इक्वेशन चांगले असणे' ही इंग्रजी वापराची मराठी रूपे आहेत. ती रुळली आहेत आणि त्यांवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. मुलाला फक्त एवढे सांगावे लागते, की वर्तमानपत्रातल्या समीकरणाला दोन सारख्या बाजू नसतात.

काय उरले आहे

संख्यानामांचा प्रश्न अनिर्णित आहे, आणि तो पुन्हा वर येईल. परिभाषेचा वाद बऱ्यापैकी मिटला आहे. दोन्ही संज्ञा शेजारी ठेवण्याला आता फारसा विरोध उरलेला नाही. दहावीनंतरची उडी मात्र तशीच आहे, आणि ती केवळ संज्ञांची यादी देऊन सोपी होणार नाही. मुलाला 'सहगुणक म्हणजे कोएफिशंट' एवढे सांगून भागत नाही. मूळ काढायचे, आलेख काढायचा आणि किंमत काढायची यांना इंग्रजीत कोणकोणती क्रियापदे लागतात, तेही सांगावे लागते. मराठी-इंग्रजी गणिती शब्दसोबतीचा शालेय कोश हे आज हाती घेण्यासारखे पहिले काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दाते-कर्व्यांनी मराठी वाक्संप्रदायांचा कोश केला. गणिताच्या वर्गासाठी तसे काम छोट्या आकारात, चारशे-पाचशे नोंदींत होऊ शकते.

त्याची सामग्री कोणा तज्ज्ञाच्या टेबलावर नाही, वर्गात आहे. म्हणून अंबड, घनसावंगी, गेवराई, पैठण या गोदाकाठच्या तालुक्यांतल्या गणित शिक्षकांना माझी विनंती आहे. टाचणवहीच्या शेवटच्या पानांवर एक वर्षभर मुले गणिताबद्दल जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट, लिहून ठेवा: काय सुटंना, कुठे भाग जाईना, हातचा कुठे राहिला. नाम मराठी असो की इंग्रजी, क्रियापद आणि प्रत्यय जसेच्या तसे उतरवा.